झेडपीचा निकाल पक्षांच्या तक्त्यात मावत नाही

8 जानेवारी 2020 रोजी नंदुरबार जिल्हा परिषदेची मतमोजणी झाली. एकूण 56 जागा. भाजप 23, काँग्रेस 23, शिवसेना 7, राष्ट्रवादी 3. बहुमताला 29 लागतात आणि ते कुणाकडेच नव्हते. मग काँग्रेस आणि शिवसेना एकत्र आल्या, 30 चा आकडा जुळला आणि काँग्रेसच्या सीमा वळवी अध्यक्ष झाल्या. 2022 च्या ऑक्टोबरात त्याच सभागृहाने भाजपच्या सुप्रिया गावित यांना अध्यक्षपदी बसवलं. मधल्या काळात आरक्षणाच्या निकालामुळे 11 जागांवर पुन्हा मतदान झालं होतं, पण त्यात भाजपच्या जागा वाढल्या नव्हत्या. फिरले ते सभागृहातले हात. उरलेल्या 45 गटांतल्या, म्हणजे झेडपीच्या मतदारसंघांतल्या, मतदाराला कुणी काही विचारलं नाही.

जळगावात 2017 च्या फेब्रुवारीत सगळं एका जागेवर अडलं होतं. 67 पैकी भाजप 33, राष्ट्रवादी 16, शिवसेना 14, काँग्रेस 4. बहुमत 34 चं. राज्यात तेव्हा भाजप आणि शिवसेना एकत्र सरकार चालवत होत्या. जळगावच्या झेडपीत मात्र भाजपला हात दिला तो काँग्रेसने. धुळ्यात 2020 साली असा प्रश्न आला नाही, कारण तिथे 56 पैकी 39 जागा भाजपकडे गेल्या. खानदेशातल्या या तीन निकालांपैकी एकच असा, की मोजणीच्या दिवशीच सत्ता कुणाची हे सांगता आलं.

आणि तरीही निकाल लागला की आपण पक्षांचा तक्ता घेऊन बसतो. कुणाचा गड राखला, कुणाला धक्का बसला, कोणत्या मंत्र्याची पत वाढली. वर्तमानपत्रांचं पहिलं पान त्यावरच संपतं. माझं म्हणणं असं, की जिल्हा परिषदेच्या निकालात हा तक्ता सर्वांत कमी कामाचा कागद आहे. निकाल वाचायचा तर गटागटाने वाचावा, गट आणि गण शेजारी ठेवून वाचावा, आणि निवडून आलेलं सभागृह पुढे कोणत्या कागदावर सही करतं याच्याशी जोडून वाचावा.

गट आणि गण हे शेजारी ठेवणं म्हणजे काय ते आधी पाहू. जिल्हा परिषदेचा एक गट म्हणजे पंचायत समितीचे दोन गण. ग्रामीण मतदार केंद्रात जातो तेव्हा तो दोन मतं देतो: एक गटासाठी, एक गणासाठी. गटाची मतपत्रिका पांढरी, गणाची गुलाबी. दोन्ही मतं दिली की यंत्र लांब आवाज करतं. म्हणजे तोच माणूस, त्याच केंद्रात, अर्ध्या मिनिटाच्या अंतराने दोनदा बटण दाबतो. त्या गटात एका पक्षाचा सदस्य निवडून येतो आणि त्याच गटातले दोन्ही गण दुसऱ्या पक्षाकडे जातात, असं बऱ्याचदा होतं. या मतदाराला पक्ष कळत नाही असं समजणं चूक आहे. त्याने गटात एका माणसाला नाकारलं आणि गणात दुसऱ्या माणसाला घेतलं. गटाच्या उमेदवाराला मिळालेली मतं आणि त्याच पक्षाच्या दोन गण उमेदवारांच्या मतांची बेरीज, या दोन आकड्यांतला फरक काढला की पक्षाचं किती आणि माणसाचं किती याचा अंदाज येतो. फरक हजार-दीड हजाराच्या वर गेला तर तिथे उमेदवारी चुकली होती, किंवा बरोबर होती. तालुक्याच्या नेत्याला हे दुसऱ्याच दिवशी समजतं. मतदाराला ते कुणी सांगत नाही.

गट केवढा असतो हेही पाहिलं पाहिजे. जिल्हा परिषद फक्त ग्रामीण भागाची. नगरपालिका आणि महापालिकेची हद्द तिच्यात धरत नाहीत. 2011 च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या सुमारे 28.9 लाख. तिला 67 ने भागलं तर एका गटात 43 हजार माणसं येतात. धुळ्याची ग्रामीण लोकसंख्या 14.8 लाखांच्या आसपास, गट 56, म्हणजे गटामागे साधारण 26 हजार. नंदुरबारला 13.7 लाख भागिले 56, म्हणजे साडेचोवीस हजार. कायद्याने सदस्य 50 पेक्षा कमी आणि 75 पेक्षा जास्त असू शकत नाहीत, त्यामुळे मोठ्या जिल्ह्याचा गट फुगतो. जळगावातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातला सदस्य नंदुरबारातल्या धडगावच्या सदस्याच्या पावणेदोनपट लोकांचा प्रतिनिधी असतो. पण धडगावच्या सदस्याच्या गावांना जोडणारा रस्ता डोंगरातून फिरतो आणि त्याच्या एकेका गावात पाड्यांमागून पाडे असतात. दोघांना निधी वाटताना ‘प्रत्येक गटाला सारखं’ हे सूत्र लावलं तर जळगावात माणसामागे कमी पडतं आणि सातपुड्यात अंतरामागे. हा वाद सभागृहात व्हायला हवा. होतो तो फार क्वचित.

आता मतांचा हिशेब. नंदुरबार-धुळ्याकडचा गट घेऊ: समजा 10,500 मतदान झालं. पहिल्याला 3,900, दुसऱ्याला 3,600, बंडखोर अपक्षाला 1,900, चौथ्याला 800, नोटाला 300. पहिला निवडून आला, तो 37 टक्क्यांवर. दर तीन मतदारांपैकी जवळजवळ दोघांनी त्याला मत दिलेलं नाही. इथे बंडखोराची 1,900 मतं कुठल्या गावांतून आली ते मतदान केंद्रनिहाय आकड्यांत दिसतं. ती सगळी एकाच मोठ्या गावातून आली असतील तर तो गावाचा हट्ट असतो: ‘यंदा उमेदवार आपल्या गावचा.’ आठ-दहा गावांत विखुरलेली असतील तर ती नाराजी पक्षावरची असते. दोन्हीचा इलाज वेगळा. केंद्रनिहाय आकडे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे असतात, उमेदवाराच्या मोजणी प्रतिनिधींनी ते टेबलावर बसून लिहून घेतलेले असतात. गावात मात्र निकालाच्या दिवशी एकच चौकशी, ‘कोन निवडी उना?’ (कोण निवडून आलं?) त्याच्या पुढचा प्रश्न, किती मतांनी आणि कुठून, हा जास्त महत्त्वाचा आहे.

सदस्य निवडून आला म्हणजे सत्ता आली असं नाही, हे नंदुरबारने दाखवलं. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात, अडीच वर्षांसाठी. अध्यक्षपद कोणत्या प्रवर्गाला, याचं आरक्षण राज्यपातळीवर ठरतं. त्यामुळे निकालाच्या दिवशीच यादी बारीक होते: बहुमत असलेल्या पक्षाकडे त्या प्रवर्गातल्या दोन-तीनच सदस्य असतात आणि त्यांतल्या प्रत्येकामागे एक आमदार उभा असतो. पक्षाचे सदस्य जिल्हाधिकाऱ्यांकडे पक्षाचा गट म्हणून नोंदणी करतात, गटनेता नेमतात, आणि मग मतदानासाठी पक्षादेश (व्हिप) निघतो. तो मोडला तर 1986 च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याखाली सदस्यत्व जाऊ शकतं.

कागदावर हे चोख आहे. बिघडतं ते असं. पक्षादेश बजावल्याचा पुरावा लागतो, आणि सदस्य ‘सहली’ला गेलेला असतो. घरी नोटीस चिकटवली, ती त्याला मिळाली की नाही यावरच सुनावणी अडते. अर्ज, उत्तर, तारीख, पुढची तारीख, मग उच्च न्यायालय. अडीच वर्षांची मुदत असलेल्या पदाच्या वादाला दीड-दोन वर्षं लागली तर निकालाला अर्थ उरत नाही. ज्याने पक्ष सोडून हात वर केला त्याचं काम झालेलं असतं. अशा अर्जांचा निकाल 90 दिवसांत लागलाच पाहिजे अशी सक्ती कायद्यात असावी, आणि पक्षादेश मोबाइल संदेशासह कोणत्या मार्गाने बजावला तर ग्राह्य, हे नियमात स्पष्ट लिहावं. सदस्यांना बसमध्ये घालून परराज्यातल्या हॉटेलात नेण्याची प्रथा उपदेशाने थांबणार नाही. बेइमानीची किंमत लगेच मोजावी लागली तर थांबेल.

अध्यक्षपद ठरलं की विषय समित्या. इथे सगळ्यांत जास्त लक्ष द्यायला हवं आणि इथेच सगळ्यांत कमी दिलं जातं. स्थायी आणि जलव्यवस्थापन समिती अध्यक्षांकडे. महिला व बालकल्याणचं सभापतिपद महिला सदस्याकडे, समाजकल्याणचं मागासवर्गीय सदस्याकडे. उरलेल्या समित्या, म्हणजे बांधकाम, अर्थ, शिक्षण, आरोग्य, कृषी, पशुसंवर्धन, या उपाध्यक्ष आणि बाकीच्या दोन सभापतींत वाटल्या जातात. भांडण होतं ते बांधकामावरून. कारण ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग, शाळाखोल्या, बंधारे यांची कामं तिथून जातात, आणि छोट्या कामांचं वाटप 33 टक्के मजूर संस्था, 33 टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि 34 टक्के खुले ठेकेदार असं होतं. कोणतं काम किती रकमेचं धरायचं आणि त्याचे तुकडे कुठे पाडायचे, यात कुणाच्या वाट्याला काय जाणार ते ठरतं. एकाच रस्त्याची तीन वेगळी अंदाजपत्रकं दिसली, प्रत्येक निविदेच्या मर्यादेच्या जरा खाली, तर सदस्याने सभेत उठून विचारलं पाहिजे. तो उठत नाही, कारण पुढच्या यादीत त्याच्या गटाचं काम असतं.

खानदेशात खरं तर भांडण आरोग्य आणि पाणी या समित्यांसाठी व्हायला हवं. सपाट भागात 30 हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आदिवासी-डोंगरी भागात 20 हजाराला; उपकेंद्र सपाटीला 5 हजाराला, डोंगरात 3 हजाराला, हा निकष. म्हणजे नंदुरबारच्या डोंगरातल्या साडेचोवीस हजारांच्या एका गटात एक आरोग्य केंद्र आणि आठ उपकेंद्रं असायलाच हवीत. कोणत्याही सदस्याने आपला गट या निकषावर मोजून पाहावा. इमारत आहे का, हा पहिला प्रश्न. एएनएमचं, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेचं, पद भरलेलं आहे का, ती मुक्कामी राहते का, तिथे वीज आणि पाणी आहे का, बाळंतपण शेवटचं कधी झालं, हे पुढचे. चारही उत्तरं बाईंच्या नोंदवहीत एका पानावर मिळतात. अक्कलकुवा, धडगाव भागातल्या कुपोषणावर इतकी वर्षं चर्चा चालू आहे. तिचं उत्तर उपकेंद्र आणि अंगणवाडी यांच्या मधल्या वाटेवर आहे आणि दोन्ही गोष्टी जिल्हा परिषदेच्या हाताखाली आहेत. पाण्याचंही तसंच. शिंदखेडा, पारोळा, अमळनेर भागात उन्हाळ्याचे टँकर नवे नाहीत. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला 55 लिटर. टाकी बांधली, नळ बसले, आणि उद्भवाची, म्हणजे जिच्यातून पाणी उचलायचं ती, विहीर फेब्रुवारीत आटली, तर ही योजना कागदावर पूर्ण आणि हंड्यात रिकामी. आधी उद्भव, मग टाकी, मग नळ, हा क्रम उलटा झाला की असं होतं. नळाचं बिल लवकर निघतं, विहिरीच्या पाण्याची खात्री व्हायला एक उन्हाळा जावा लागतो, म्हणून क्रम उलटतो.

हे सगळं विचारणारं सभागृहच नसेल तर काय होतं, तेही खानदेशाने पाहिलं. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली, धुळे आणि नंदुरबारची 2025 च्या सुरुवातीला. घटनेच्या 243-ई कलमानुसार पंचायतीची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. झाली नाही. मुख्य कार्यकारी अधिकारी जिल्हा परिषदेचे प्रशासक आणि गटविकास अधिकारी पंचायत समितीचे. म्हणजे प्रस्ताव ठेवणारा, मंजूर करणारा आणि अंमल करणारा एकच. चांगला अधिकारी असेल तर कामं वेगाने होतात, हे मान्य. पण त्याची बदली झाली की त्या निर्णयांना जबाबदार कोण, हे गावाला कळत नाही.

यात पैशाचंही थेट नुकसान आहे. 15 व्या वित्त आयोगाचा निधी महाराष्ट्रात 80 टक्के ग्रामपंचायतींना, 10 टक्के पंचायत समित्यांना, 10 टक्के जिल्हा परिषदेला असा वाटला गेला. निवडून आलेली संस्था नसेल तर तिच्या वाट्याचे 10 टक्के थांबतात. पंचायत समितीचे 10 आणि झेडपीचे 10, दोन्ही. जिल्हा नियोजन समितीत पाचापैकी चार सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांमधून निवडून जायचे असतात. सभागृहच नाही तर ग्रामीण भागाची ती बाजू रिकामी राहते आणि जिल्ह्याचा आराखडा पालकमंत्री, आमदार आणि अधिकारी यांच्यात ठरतो. उपकराचा, म्हणजे सेसचा पैसा थोडा असतो, पण तो झेडपीचा स्वतःचा. त्यातले 20 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणसाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च झाले पाहिजेत. झाले नाहीत तर विचारायचं कुणी? सदस्यानेच.

निवडणुका रखडण्याचं एक मोठं कारण आरक्षणाचं आहे आणि ते खानदेशात इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त अवघड बसतं. अनुसूचित जमातीच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायच्या. नंदुरबार जिल्ह्यात जमातींची लोकसंख्या 69 टक्के. शहरं वगळली की ग्रामीण भागात ती आणखी वर जाते. म्हणजे 50 टक्क्यांची मर्यादा पहिल्या प्रवर्गातच ओलांडली. त्यावर ओबीसींचे 27 टक्के कुठे ठेवायचे? 4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी प्रकरणात निकाल दिला की सर्व मिळून आरक्षण 50 टक्क्यांच्या वर जात असेल तर ओबीसींच्या जागा तेवढ्या टिकणार नाहीत. धुळ्यात 15 आणि नंदुरबारमध्ये 11 गट रिकामे झाले. 56 चे 27 टक्के काढले तर 15 येतात, धुळ्याचा आकडा तिथूनच आला होता. ऑक्टोबर 2021 मध्ये त्या जागांवर खुल्या प्रवर्गातून मतदान झालं. निवडून आलेली, वर्षाहून जास्त काम केलेली माणसं मतदारांचा काही दोष नसताना घरी गेली.

मी ओबीसी प्रतिनिधित्वाच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच सांगतो की जे आरक्षण न्यायालयात टिकत नाही ते समाजाला देऊन पुन्हा काढून घेणं हा समाजाचा अपमान आहे. शिरपूर, साक्री, शहाद्यातल्या ओबीसी कार्यकर्त्याने गट आरक्षित झाला म्हणून पैसा, वेळ आणि नातेसंबंध खर्च केले आणि नंतर जागाच गेली, तर पुढच्या वेळी तो उभा राहणार नाही. न्यायालयाने जे मागितलं ते स्थानिक स्वराज्य संस्थानिहाय मागासलेपणाची आकडेवारी होती. जिल्हानिहाय, तालुकानिहाय, शाळेच्या दाखल्यांवरून आणि घरोघरी जाऊन ती गोळा होते. पाच वर्षांत दोनदा झाली असती. मोर्चे मात्र दर सहा महिन्यांनी निघाले.

आरक्षणाचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो. गटाचं आरक्षण फिरतं असतं. या वेळी सर्वसाधारण, पुढच्या वेळी महिला, त्यानंतर जमाती. चक्र न्याय्य आहे, कारण त्याशिवाय ठरावीक गट कायम एकाच समाजाकडे राहिले असते. पण निवडून आलेल्या सदस्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की पाच वर्षांनी आपल्याला याच गटातून उभं राहता येणार नाही, बहुधा शेजारच्या गटात जावं लागेल. मग काम कुठे करायचं? शेजारच्या गटात. निवडून दिलेल्या गावांकडे तिसऱ्या वर्षापासून पाठ होते. जागा किमान दोन सलग निवडणुकांसाठी एकाच प्रवर्गाकडे राहिली तर सदस्याला आपल्या कामाचा हिशेब त्याच मतदारांना द्यावा लागेल. 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. दोन मुदतींची खात्री मिळाली तर त्यातल्या अनेकींना नवऱ्याच्या किंवा दिराच्या सावलीतून बाहेर पडायला जागा मिळेल. पहिली पाच वर्षं कारभार शिकण्यात जातात. शिकलेली बाई घरी पाठवायची आणि नवी आणायची, यात फायदा सभागृहाबाहेर बसलेल्या कारभाऱ्यांचाच होतो.

तेव्हा निकाल हातात आला की काय करावं? आपल्या गटाचं एक पान करावं. वर विजयी उमेदवाराची मतं, त्याखाली दुसऱ्याची, बंडखोराची, नोटाची. शेजारी दोन्ही गणांचे आकडे. खाली आपल्या गटातली आरोग्य केंद्रं, उपकेंद्रं, शाळा, अंगणवाड्या, टँकरची गावं. हे पान विजयी आणि पराभूत, दोघांनाही द्यावं. मग सभा मोजाव्यात. सर्वसाधारण सभा तीन महिन्यांच्या आत व्हायलाच हवी, म्हणजे वर्षाला किमान चार. प्रत्येक सभेचं इतिवृत्त निघतं. त्यात आपल्या सदस्याने काय विचारलं, काय विरोध केला, कोणत्या ठरावाला सूचक किंवा अनुमोदक होता, हे लिहिलेलं असतं. इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मिळतं: 10 रुपयांचा अर्ज, प्रतीला पानामागे 2 रुपये, 30 दिवसांची मुदत. अर्ज करताना ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नये, तो अर्ज मोघम म्हणून परत येतो. सभेची तारीख, ‘इतिवृत्ताची व त्यासोबतच्या उपस्थिती पत्रकाची साक्षांकित प्रत’ एवढंच लिहावं. मार्चअखेरच्या अर्थसंकल्पी सभेचं इतिवृत्त आधी मागवावं, कारण सेसचा पैसा कशासाठी ठेवायचा ते त्या सभेत ठरतं. वर्षभराची चार इतिवृत्तं एका फाइलमध्ये लावून ती ग्रामसभेच्या टेबलावर ठेवावीत, आणि त्या ग्रामसभेला सदस्याला लेखी पत्र देऊन बोलवावं.